ट्यूडरांचे सहा आठवडे: एकाच टॉपिकमधून सगळे विषय शिकवायचे कसे?

चिंचबोर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी लेस्टरमध्ये एका प्राथमिक शाळेत इयर फोरला शिकवते. मुलं आठ-नऊ वर्षांची, म्हणजे आपली तिसरी-चौथी. फेब्रुवारीची सुट्टी संपली की ईस्टरपर्यंत आमचा टॉपिक आहे इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याची राजवट, १४८५ ते १६०३. शाळेची अपेक्षा अशी की या सहा आठवड्यांत भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, चित्रकला, संगीत सगळं जमेल तितकं ट्यूडरांभोवती गुंफावं.

मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेत असताना हेच पहिल्यांदा केलं आणि ते फसलं. मुकुटाच्या चित्रांत बेरजा सोडवल्या, हेन्री आठव्याची दाढी लोकर चिकटवून केली, त्याच्या सहा राण्यांचं काय झालं ते सांगणारं यमक पाठ केलं. वर्गाची भिंत इतकी देखणी झाली की पालक फोटो काढत होते. शेवटच्या शुक्रवारी एका मुलाने अगदी मनापासून विचारलं, "मिस, हेन्रीच्या वेळी डायनासोर होते का?" वर्गात एकही मूल हसलं नाही. सगळी माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी एक कसोटी ठरवली आहे. ट्यूडर काढून टाकले तर तो धडा उभा राहतो का? मुकुटातल्या बेरजा फुग्यातही करता येतात, म्हणजे ती जोड खोटी. मला अशी गणितं, असे प्रयोग, असं लेखन हवं आहे की जे त्या काळाशिवाय झालंच नसतं.

गाव आमच्या बाजूने आहे. ट्यूडरांनी ज्याला मारून गादी घेतली त्या राजाचा, रिचर्ड तिसऱ्याचा, सांगाडा २०१२ साली लेस्टरच्याच एका कार पार्कखाली सापडला. तो मारला गेला ती बॉसवर्थची लढाई, २२ ऑगस्ट १४८५, इथून जवळच झाली. हेन्री आठव्याचा एके काळचा सर्वेसर्वा मंत्री वूल्झी १५३० मध्ये इथल्या मठात वारला. पण पुढे काय? सुचवा. विरोध असेल तर तोही सांगा.

---

पाटीपेन्सिल | रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. कार पार्कमध्ये राजा! मुलांना दुसरं काही सांगायलाच नको.

---

मास्तर_सातारकर | १० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

चिंचबोर ताई, मी निवृत्त गणित शिक्षक. नातू मिल्टन कीन्सला असतो, म्हणून तिकडच्या शाळा थोड्या ठाऊक आहेत.

तुमची कसोटी मला पटली आणि तिला उतरणारी पहिली गोष्ट म्हणजे पैसा. १२ पेन्सांचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. ट्यूडर काळात हाच हिशोब होता आणि इंग्लंडात तो थेट १९७१ पर्यंत चालला. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी तिसरीत होतो. एका रात्रीत सोळाचे शंभर झाले आणि आमच्या वाण्याच्या दुकानात महिनाभर भांडणं चालली.

मुलांना विचारा, बाराच का? दहा का नाही? दहाचे सारखे भाग दोन किंवा पाच जणांतच होतात. बाराचे दोन, तीन, चार, सहा जणांत होतात. बाजारात नाणं वाटून घ्यायचं असेल तर बारा सोयीचे. हे मुलांनी बारा चिंचोके वाटून स्वतः शोधायचं, आपण सांगायचं नाही. आम्ही पावकी, निमकी, औटकी पाठ करायचो ती अशाच हिशोबांसाठी.

शिवाय तुमच्या इयर फोरला उन्हाळ्यात पाढ्यांची सरकारी चाचणी असते ना? बारा बारांपर्यंत? मग बाराचा पाढा शिलिंगांत म्हणवून घ्या. पाच शिलिंग म्हणजे किती पेन्स, नऊ शिलिंग म्हणजे किती.

---

चिंचबोर | सकाळी ७:३०

मास्तरकाका, नमस्कार. होय, जूनमध्ये असते. २५ प्रश्न आणि प्रत्येकाला ६ सेकंद. चिंचोक्यांऐवजी बटणं घेईन, कल्पना मात्र तुमचीच. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आजोबांनी आणे वापरलेले असतील. त्यांना घरी विचारायला सांगते.

---

इतिहासवेडा | सकाळी ११:२०

मी विरोधात. स्पष्टच लिहितो, राग नसावा.

टॉपिकभोवती सगळं गुंफण्यात दोन गोष्टी मरतात. पहिली, ज्या विषयाला स्वतःची चढण आहे तो विषय. अपूर्णांक ठरलेल्या क्रमानेच यावे लागतात, ट्यूडर आले म्हणून मध्येच उचलून चालत नाही. दुसरा मरतो इतिहास. मुलं पुठ्ठ्याची घरं करत बसतात आणि "हे आपल्याला कशावरून कळलं?" हा एकच महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या राण्यांच्या यमकाचंच घ्या. 'डिव्होर्स्ड' हा शब्द दोनदा येतो. प्रत्यक्षात कॅथरीन ऑफ अॅरागॉन आणि अॅन ऑफ क्लीव्ह्ज यांचे विवाह रद्द ठरवले गेले, म्हणजे लग्न मुळात झालंच नव्हतं असं जाहीर केलं. घटस्फोट आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चोवीस वर्षं संसार केलेल्या बाईला "तू कधी बायको नव्हतीसच" असं सांगण्यात आलं. यमक ते गिळून टाकतं.

आणि इंग्लंडच्या २०१४ च्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वयोगटासाठी ट्यूडर आता नावाने सक्तीचे नाहीत. '१०६६ नंतरच्या ब्रिटिश इतिहासातला एखादा विषय' यात शाळा ते बसवतात. म्हणजे निवड शाळेची आहे. मग ती सजावटीसाठी कशाला करायची?

---

पाटीपेन्सिल | सकाळी ११:५२

पण मुलांना मजा येते त्याचं काय? लंडनच्या मोठ्या आगीचं बघा, माझ्या भाचीने पुठ्ठ्याचं लंडन करून शाळेच्या मैदानात पेटवलं होतं. ट्यूडरांचं तेवढंच तिला आजही आठवतं.

---

निळीशाई | दुपारी १२:१०

पाटीपेन्सिल, ती आग १६६६ ची. शेवटची ट्यूडर राणी एलिझाबेथ जाऊन त्रेसष्ट वर्षं झाली होती आणि गादीवर स्टुअर्ट घराणं होतं. जळली ती लाकडी घरं बरीचशी ट्यूडर काळातली असणार, पण राजवट वेगळी. इतिहासवेडा म्हणतात ते हेच असावं, पेटलेला पुठ्ठा लक्षात राहिला आणि साल गेलं.

---

पाटीपेन्सिल | दुपारी १२:१४

अरेच्चा. बरोबर. दुरुस्ती मान्य.

---

निळीशाई | दुपारी १:३०

मूळ प्रश्नाकडे. मी लंडनला शाळकरी मुलांसाठी संग्रहालयात काम करते. मास्तरकाकांच्या पैशांत एक माणूस घालते आणि इतिहासवेडा यांना हवा तो पुरावाही त्यातच आहे.

जॉन ब्लँक. सातव्या आणि आठव्या हेन्रीच्या दरबारातला कृष्णवर्णीय तुतारीवाला. खजिन्याच्या हिशोबात नोंद आहे: नोव्हेंबर १५०७ चा पगार, रोज ८ पेन्स, एकूण २० शिलिंग. बस, एवढंच. ही ओळ फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. आठ गुणिले तीस, २४०. भागिले बारा, वीस शिलिंग. म्हणजे बरोबर एक पौंड. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हिशोब आठ वर्षांचं मूल तपासतं आणि तो बरोबर निघतो! मी हे कितीदा तरी केलं आहे, दर वेळी एखादं मूल आनंदाने ओरडतं.

पुढची गंमत अशी की हेन्री आठवा गादीवर आल्यावर या ब्लँकने अर्ज केला, वारलेल्या एका सहकाऱ्याची जागा आणि पगार मला द्या, सध्याचं मानधन पुरत नाही. त्याला रोजचे १६ पेन्स मिळाले. तो अर्ज मुलांकडून लिहून घ्या. इंग्रजीत मन वळवणारं पत्र हा घटक असतोच. राजाला पगारवाढ मागायची, नम्र राहायचं पण मागणी सोडायची नाही. आणि १५११ च्या वेस्टमिन्स्टरच्या भालायुद्ध स्पर्धेच्या लांबलचक चित्रगुंडाळीत तो दोनदा दिसतो, घोड्यावर, तुतारी फुंकताना, डोक्याला पगडीसारखं काही गुंडाळलेलं. चित्रकलेला तो घ्या. हेन्रीची दाढी पुष्कळ झाली.

लेस्टरच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांना वाटत असेल की त्या काळाच्या चित्रात आपल्यासारखं कोणीच नव्हतं. होतं.

---

इतिहासवेडा | दुपारी २:०५

हे चालेल. हे उत्तम आहे. माझा विरोध सजावटीला होता, अशा धड्याला नाही.

---

सुईदोरा | दुपारी ३:४५

हिशोबच करायचे तर टोप्यांचा कायदाही घ्या. १५७१ मध्ये एलिझाबेथच्या काळात कायदा झाला की सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी इंग्लंडात बनलेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर ३ शिलिंग ४ पेन्स दंड. सूट होती उमराव मंडळींना, कुलीन स्त्रियांना आणि कुमारिकांना. हेतू लोकरीच्या टोप्या विणणाऱ्यांचा धंदा वाचवणं. मुलग्यांना टोपी सक्तीची आणि मुलींना नाही, हे वर्गात सांगितलं की वादविवादाचा तास आपोआप सुरू होतो. कायदा न्याय्य होता का? फायदा कोणाचा? मुलं तावातावाने बोलतात.

आणि हो, दंड ४० पेन्स. तुतारीवाल्याचा पाच दिवसांचा पगार!

---

मास्तर_सातारकर | संध्याकाळी ५:२०

सुईदोरा, हिशोब बरोबर पण जरा थांबा. पगार १५०७ चा आणि दंड १५७१ चा. मधल्या चौसष्ट वर्षांत महागाई झाली असणार. तुमच्या आजीच्या काळच्या रुपयाने आजची भाजी मोजल्यासारखं होईल. हेही मुलांना सांगायला हवं, गणित बरोबर येऊनही उत्तर चुकू शकतं.

---

कुडाचं_घर | रात्री ८:५०

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, आता रेडिंगला. पहिल्यांदा स्ट्रॅटफर्डला ट्यूडर घरं बघितली तेव्हा एका घरात भिंतीचा तुकडा उघडा ठेवून काच लावली होती. मी त्या काचेसमोरून हलेना. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, अगं हा आमच्या पडवीचा कूड आहे.

खरंच तोच. त्यांच्याकडे ओकच्या जाड लाकडांची चौकट, मधल्या मोकळ्या जागेत उभे दांडे, त्यांतून हेझलच्या ओल्या फांद्या टोपलीसारख्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, गवत यांचा गारा थापायचा. आमच्याकडे चौकट साध्या लाकडाची, विणकाम कारवीच्या काठ्यांचं आणि वर शेणमातीचं लिंपण. आजी गारा पायाने तुडवायची. हातात गोळा घेऊन दाबायची, बोटांच्या फटींतून बाहेर आला तर पाणी जास्त, भेगा पडल्या तर कमी. पेंढा बारीक तोडूनच घालायची. लांब राहिला तर लिंपण काठीला धरत नाही म्हणायची.

विज्ञानाचा प्रयोग सांगतो. तीन सारख्या चौकटी करा, आइस्क्रीमच्या काड्यांच्या. एकीवर नुसती चिकणमाती, दुसरीवर माती आणि बारीक गवत, तिसरीवर माती, वाळू, गवत. आठवडाभर सुकू द्या. रोज भेगा मोजा, पट्टीने लांबी घ्या, तक्ता करा. नुसत्या मातीला सर्वांत जास्त भेगा जातात, कारण सुकताना ती आक्रसते आणि गवत तिला धरून ठेवतं. शेवटी प्रत्येकीवर चमच्याने पाणी टाका. इंग्लंडातल्या घरांना छपराच्या वळचणी का लागायच्या ते मुलांना तिथेच कळेल.

एक सांगायचं राहिलं. घरांची मॉडेलं काळी-पांढरी करायची घाई करू नका. लाकडं डांबरासारखी काळी रंगवायची फॅशन बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. ट्यूडर काळात ओक बहुधा तसाच सोडायचे, करडा-तपकिरी.

---

चिंचबोर | रात्री ९:३०

कुडाचं_घर, तुमच्या आजीची बोटांच्या फटींची परीक्षा मी जशीच्या तशी वर्गात वापरणार आहे. शेण मात्र शाळेत आणता येणार नाही, आमच्या हेडना भोवळ येईल. इथल्या गिल्डहॉल नावाच्या जुन्या सभागृहाचा मूळ भाग ट्यूडरांच्याही आधीचा, १३९० च्या सुमाराचा आहे. लाकडी चौकट बघायला मुलांना तिथे नेता येईल.

---

समुद्रकाठ | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:००

पोर्टस्मथवरून हजेरी. मेरी रोज!

हेन्री आठव्याचं जहाज. १९ जुलै १५४५ ला फ्रेंचांशी लढताना इथल्या सोलंट सामुद्रधुनीत बुडालं, राजा साउथसीच्या किल्ल्यावरून बघत होता. ११ ऑक्टोबर १९८२ ला समुद्रातून वर काढलं. गाळात पुरलेलं राहिल्यामुळे माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूसुद्धा टिकल्या. १३७ अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले.

पण माझ्या लेकीला तोफांपेक्षा काय आवडलं सांगू? फणी. लाकडी, दोन्ही बाजूंनी दातेरी, एका बाजूला जाड दाते आणि दुसऱ्या बाजूला बारीक. अगदी माझ्या आजीकडे होती तशी. आणि त्यांतल्या काहींच्या दातांत उवा अडकलेल्या मिळाल्या. शाळेतून उवांची चिठ्ठी आली की लेक आता शरमत नाही. म्हणते, मेरी रोजवरच्या खलाशांनाही होत्या.

बुडण्याचा प्रयोग आम्ही घरी केला. प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्या. दोन्ही बाजूंना, पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर, पेन्सिलने भोकं पाडा, ती तोफांची झडपं. डबा सरळ असेपर्यंत मजेत तरंगतो. मग एका बाजूला हळूहळू नाणी सरकवा. कलतो, पहिल्या भोकातून पाणी येतं आणि त्यानंतर तुम्ही काहीही करा, तो जातो. लेकीने हात घालून वाचवायचा प्रयत्न केला, नाही वाचला. जहाज वळताना कललं आणि उघड्या झडपांतून पाणी शिरलं एवढं पक्कं मानतात. ते का कललं यावर अजून वाद आहेत. गर्दी, वारा, फ्रेंचांचा मारा, अशी वेगवेगळी मतं. मुलांना एकेक कारण देऊन डब्यावर तपासायला लावा.

---

गोंयचो_पाव | दुपारी १२:४०

आता मी थोडा दूर जातो, पण ट्यूडर काळातच राहतो.

सुमारे १५४९ मध्ये विल्टशायरमधल्या बुश्टन गावात एक मुलगा जन्मला, थॉमस स्टीफन्स. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं अवघड झालं होतं. तो रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक संघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. जवळजवळ चाळीस वर्षं इथेच राहिला, बहुतेक काळ गोव्यातल्या साष्टीत. त्याने मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. त्यात मराठीला त्याने रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा दिली आहे. म्हणजे चिंचबोर ताई, ज्या राजवटीचा टॉपिक तुम्ही शिकवताय तिच्यातलाच एक मुलगा तुमच्या-आमच्या भाषेचा कवी झाला.

त्याने गोव्याला पोचल्या पोचल्या वडिलांना पत्र लिहिलं, वाटेतल्या समुद्राचं, वाऱ्यांचं, पक्ष्यांचं वर्णन असलेलं. मुलांना नकाशावर लिस्बन ते गोवा रेघ काढायला लावा, आफ्रिकेला वळसा घालून, आणि मग त्यांनी आपल्या बाबांना पत्र लिहावं. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्लिश व्यापारी आणि त्याचे सोबती पोर्तुगीजांनी पकडून गोव्यात कोंडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला मदत करणाऱ्यांत हाच स्टीफन्स होता.

---

इतिहासवेडा | दुपारी १:१५

याला अनुमोदन. जोडीला एक समांतर कालरेषा करा. एलिझाबेथचा जन्म १५३३ चा आणि आपल्या एकनाथ महाराजांचं जन्मवर्षही परंपरेने तेच धरतात. पानिपतची पहिली लढाई १५२६, तेव्हा हेन्री आठवा तरुण होता. अकबर १५५६ ला गादीवर आला, एलिझाबेथ १५५८ ला. इंग्लंडवर चालून आलेलं १५८८ चं स्पॅनिश आरमार आणि चांदबिबीने अहमदनगर लढवलं ते १५९५-९६, यांत जेमतेम सात-आठ वर्षं. आणि ३१ डिसेंबर १६०० ला एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. तिथे दोन्ही रेषा एकमेकींना भिडल्या.

---

हळदकुंकू | दुपारी ३:३०

मेजवानी करणार असाल तर सांभाळा. मुलाच्या शाळेत 'ट्यूडर बँक्वेट' होती, एका आईने बटाट्याचे वेजेस आणले, दुसरीने टोमॅटो सूप. हेन्रीने हे दोन्ही पाहिले नसतील, दोन्ही अमेरिकेतून आलेले. साधी माणसं पॉटेज खायची, म्हणजे धान्य, वाटाणे, कोबी, कांदा एकत्र शिजवलेलं. मी मुलाला सांगितलं की तेव्हा आपल्याकडेही तिखटाला मिरी होती, मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. तो थक्क झाला. "म्हणजे एकनाथांनी मिरचीचा ठेचा खाल्ला नव्हता?"

संत्र्यात लवंगा खोचून सुगंधी गोळा करायचा उपक्रम असतो तो मात्र जरूर करा. पण लवंग येते कुठून तेही सांगा, मोलुकासमधून, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवरून. जगप्रदक्षिणेवर निघालेल्या ड्रेक या इंग्लिश दर्यावर्दीने १५७९ मध्ये तिथल्या तर्नातेला लवंगा भरल्या आणि पुढे जहाज खडकावर अडकलं तेव्हा वजन कमी करायला त्यातल्या कितीतरी समुद्रात फेकल्या. संत्रं हातात, वर्गभर वास आणि समोर नकाशा. भूगोल आणखी काय असतो?

---

सावली_मम | रात्री ९:१०

माझी एक काळजी आहे. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. हेन्रीच्या राण्यांच्या शिरच्छेदाच्या गोष्टी वर्गात हसतखेळत सांगितल्या गेल्या, पुठ्ठ्याची कुऱ्हाडसुद्धा केली होती. ती पंधरा दिवस दिवा लावून झोपत होती. एके रात्री विचारलं, "बाबा तुझ्यावर रागावले तर?" मी काय उत्तर देणार?

आणि ड्रेकचं नाव वर आलं म्हणून लिहिते. १५६२ पासून जॉन हॉकिन्स हा इंग्लिश दर्यावर्दी आफ्रिकेतून माणसं पकडून नेऊन विकत होता आणि तरुण ड्रेक पुढे त्याच्या अशा सफरींवर होता. लेस्टर, लंडन, ब्रिस्टलच्या वर्गांत त्या माणसांचे वंशज बसलेले असतात. जगप्रदक्षिणेचं कौतुक शिकवायचं आणि हे गाळायचं, असं करू नका. आठ वर्षांच्या मुलांना अन्याय कळतो, आपल्यापेक्षा लवकर कळतो.

---

निळीशाई | रात्री ९:४०

सावली_मम, पूर्ण सहमत. मी संग्रहालयात कुऱ्हाडी, फाशी यांचे खेळ बंदच केले. शिरच्छेद झालेल्या राणी अॅन बोलिनची गोष्ट तिच्या लेकीच्या बाजूने सांगते. आई गेली तेव्हा एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती. मुलं शांत होतात, घाबरत नाहीत.

---

कुडाचं_घर | रात्री १०:२०

ताई, तुम्ही लेस्टरच्या म्हणजे ब्रॅडगेट पार्क हाताशी आहे ना? लेडी जेन ग्रेचं घर?

---

चिंचबोर | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:००

आहे! सहल तिथेच ठरली. विटांच्या वाड्याचे अवशेष आहेत, हरणं आहेत आणि जुने ओक आहेत. जेन १५५३ मध्ये नऊ दिवसांची राणी झाली आणि फेब्रुवारी १५५४ मध्ये गेली, जेमतेम सोळा-सतरा वर्षांची. दंतकथा अशी की ती गेल्याचं कळल्यावर तिथल्या माणसांनी दुःखाने ओकचे शेंडे छाटले. इतिहासवेडा, तुमचा प्रश्न मी तिथे झाडाखाली उभं राहून विचारणार आहे. हे आपल्याला कशावरून कळलं? झाडाचा घेर मापायचा, वयाचा अंदाज बांधायचा, आणि शेंडे छाटण्याची दुसरी काय कारणं असतील ते शोधायचं.

सावली_मम, तुमचं वाचून मी योजनेतला एक तास काढून टाकला. कुठला ते सांगत नाही, पण काढला. मुलीला माझं प्रेम सांगा.

क्रमाबद्दल: गणिताचा क्रम मी मोडणार नाही. जिथे गुणाकार-भागाकार आधीच आहेत तिथेच ब्लँकचा पगार येईल. अपूर्णांक त्यांच्या त्यांच्या वेळी, ट्यूडरांशिवाय.

---

पाटीपेन्सिल | सकाळी ९:१५

संगीत राहिलं. पावान नावाचा संथ नाच असतो, जोडीजोडीने चालायचा. व्यायामाच्या तासाला घ्या. दंगेखोर वर्गसुद्धा ताठ मानेने चालायला लागतो असं माझी भाची सांगते. (हा ट्यूडरांचाच, खात्री केली आहे.)

---

मास्तर_सातारकर | ३ एप्रिल, सकाळी ६:०५

ताई, सहा आठवडे झाले की. काय झालं ते कळवा. आम्ही वाट बघतोय.

---

चिंचबोर | ५ एप्रिल, रात्री ८:२५

काका, उशीर झाला, माफ करा.

सगळं जमलं नाही. मातीच्या चौकटी शनिवार-रविवारी रेडिएटरवर राहिल्या आणि तिन्हींना भेगा गेल्या, तक्ता वाया. पुन्हा केल्या, खिडकीत ठेवल्या, तेव्हा गवतवालीला तीन भेगा आणि नुसत्या मातीला अकरा. स्टीफन्सचं पत्र दोन दिवसांचं चार दिवस चाललं. पावान झाला. मेजवानी केली नाही.

पहिल्या दिवशी दोरी ताणली. एका वर्षाला एक सेंटिमीटर. ट्यूडर ११८ सेंटिमीटर, तिथून आजपर्यंत सव्वाचार मीटरच्या जवळ. दोरी कॉरिडॉरमध्येच मावली. मग मीच विचारलं, डायनासोर कुठे येतील? एक मुलगी म्हणाली, दारापाशी. दुसरा म्हणाला, बसस्टॉपपाशी. हिशोब केला तर ६६० किलोमीटर निघाले. म्हणजे पुण्याहून निघालं तर नागपूर जवळ येतं. वर्गात त्यांना अंतर लंडनच्या फेऱ्यांत मोजून दिलं. कोणीतरी "व्हॉट?" असं इतक्या जोरात ओरडलं की शेजारच्या वर्गाचं दार उघडलं.

आणि निळीशाई, ब्लँकचा पगार. मी ओळ फळ्यावर लिहिली आणि तुम्ही म्हणालात तशी गप्प बसले. मुलांनी २४० काढले, २० शिलिंग काढले, सगळी खूश. एक मुलगा मात्र हात वर करून बसला होता. तो एरवी गणिताच्या तासाला टेबलाखाली असतो. म्हणाला, "मिस, पण तेव्हा नोव्हेंबरला तीस दिवस होते हे आपल्याला कशावरून माहीत?"

मी म्हटलं, तूच सांग, कसं शोधशील?

त्याने फळ्याकडे बघितलं, पाटीवर २४० लिहिले, खाली ८ लिहिले आणि भागाकार करायला लागला.

---

मास्तर_सातारकर | ६ एप्रिल, पहाटे ५:५०

शाबास रे पठ्ठ्या. ताई, त्याला सांगा, साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी वीस शिलिंग बक्षीस लावलंय.